आधी सप्लाय बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: “वय ४४, मिरजेत सहकारी बँकेत नोकरी. शाळेत असताना घरच्या रेडिओचं मागचं झाकण उघडून तासन्‌तास बसायचो. पुढे कॉमर्सला गेलो आणि ते सगळं सुटलं. आता पुन्हा सुरुवात करायची आहे, पण जिकडे बघावं तिकडे अर्डुइनोची (प्रोग्रॅम चढवता येणाऱ्या छोट्या बोर्डाची) किटं दिसतात. ती घ्यावीत का? घरचा कॉम्प्युटर स्वतः जोडता आणि दुरुस्त करता यावा अशीही इच्छा आहे. माळ्यावर ३८६ प्रोसेसरचा एक जुना कॉम्प्युटरही पडून आहे. आणि खरं सांगा, सगळं एका चिपमध्ये गेल्यावर या छंदात आता काही राम उरलाय का?”

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर ‘नाही’ असतं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नव्हता.

राम उरलाय. मी आधी पुण्यात एका कारखान्याच्या टेस्टिंग विभागात होतो, नंतर स्वतःचं दुरुस्तीचं टेबल मांडलं. त्याआधीपासून, म्हणजे शाळेपासून, हा नाद आहेच. एवढ्या वर्षांत माझ्यासमोर मेलेल्या वस्तूंमध्ये आपणहून मेलेली चिप क्वचितच निघाली. मेलेलं असतं ते चिपच्या बाहेरचं: फुगलेला कंडेन्सर (वीज साठवून ठेवणारा भाग), ढिला कनेक्टर, तडा गेलेलं सोल्डर, तापून काळा पडलेला रेझिस्टर, आणि या सगळ्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा सप्लाय, म्हणजे सर्किटला वीज पुरवणारा भाग. चिपच्या आत गेली ती गणितं, मेमरी आणि तर्क. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) १९६० साली सुरू झालेला टिफ्रॅक कॉम्प्युटर व्हॅक्यूम ट्यूबवर चालायचा, त्याची मेमरी म्हणजे तारांत ओवलेली फेराइटची बारीक कडी. तिथे बिघाडाला बोट लावून दाखवता यायचं. आज ती सोय गेली हे मान्य. पण त्या ट्यूबांना जसा स्वच्छ, स्थिर व्होल्टेज लागायचा तसा आजच्या चिपलाही लागतो, उलट जास्तच काटेकोर लागतो. तो देण्याचं काम अजूनही आपल्याला दिसणाऱ्या, मोजता येणाऱ्या, बदलता येणाऱ्या भागांकडेच आहे. म्हणून माझा सगळा सल्ला एका वाक्यात बसतो: सप्लायपासून सुरुवात करा, आणि मीटर लावल्याशिवाय मत बनवू नका.

आता किटाबद्दल. अर्डुइनो वाईट नाही. २००५ साली इटलीत इव्हरेआ इथल्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी तो तयार झाला. ज्यांना इलेक्ट्रॉनिक्स येत नाही त्यांनाही काहीतरी हलवता-चमकवता यावं, हाच त्याचा हेतू होता आणि तो साधला. ऊनो बोर्डावरची एटीमेगा ३२८पी चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते, तिच्यात ३२ किलोबाइट फ्लॅश आणि फक्त २ किलोबाइट रॅम. एवढ्यात किती होतं हे बघण्यासारखं आहे. माझी अडचण वेगळी आहे. किट उघडलं, केबल लावली, तयार प्रोग्रॅम चढवला की दहा मिनिटांत एलईडी लुकलुकतो. छान वाटतं. मग दुसरा सेन्सर, तिसरा सेन्सर, आणि महिन्याभरात किट कपाटात. का? कारण ज्या दिवशी एखादी गोष्ट चालत नाही, त्या दिवशी बघायचं कुठे हे माहीतच नसतं. तुम्ही रेडिओ उघडणारे आहात, म्हणजे तुम्हाला आत काय चाललंय यात रस आहे. तेव्हा किट घ्या, पण तीन महिन्यांनी.

पहिलं काम म्हणून पाच व्होल्टचा सप्लाय स्वतः बनवा. ट्रान्सफॉर्मर, चार १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे), मोठा कंडेन्सर, ७८०५ रेग्युलेटर (व्होल्टेज पाचवर धरून ठेवणारी चिप) आणि दोन-तीन छोटे कंडेन्सर, बस. चार्जरच्या जमान्यात याची गरज काय, असं वाटेल. गरज पाच व्होल्टची नाहीच मुळी. या एवढ्याशा सर्किटमध्ये इतकं शिक्षण आहे की मी माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाला हेच करायला लावलं.

१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला समजा. हे १२ व्होल्ट एसीचे, आरएमएस मापाचे, म्हणजे तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसीइतके. लाटेचा माथा त्याच्या १.४१४ पट, म्हणजे १७ व्होल्ट. चार डायोडच्या जोडणीत, म्हणजे ब्रिजमध्ये, एका वेळी दोन डायोड वाटेत येतात, त्यांचे मिळून दीड व्होल्टच्या आसपास गेले. कंडेन्सरवर उरले साधारण १५.५. आता अर्धा अँपिअर ओढायला लागा. आपली वीज ५० हर्ट्झची, ब्रिजनंतर सेकंदाला १०० उंचवटे येतात, म्हणजे दोन उंचवट्यांमधल्या १० मिलिसेकंदांत सगळा करंट कंडेन्सरने द्यायचा. १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असेल तर तेवढ्यात तो हिशोबाने ५ व्होल्ट खाली येतो, प्रत्यक्षात थोडा कमी. तरी १०.५ व्होल्ट शिल्लक राहतात. ७८०५ ला आत सात-साडेसात लागतात, तेव्हा बाहेर पाच व्होल्ट अगदी शांत.

पण सरासरी १३ व्होल्ट आत आणि ५ बाहेर, मधले ८ व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर, म्हणजे ४ वॉट नुसते उष्णतेत चालले. हीट सिंक (उष्णता बाहेर काढणारा धातूचा तुकडा) नसेल तर या आकाराचा भाग दर वॉटला साधारण ६५ अंशांनी तापतो. ४ वॉटचा गुणाकार करून बघा, आकडा पाहून दचकाल. प्रत्यक्षात चिप तिथवर पोचत नाही, आतलं संरक्षण जागं होऊन ती स्वतःला आवरते आणि आउटपुट ढेपाळतं. मग नवशिका म्हणतो, ‘आयसी (चिप) खराब निघाला.’

बरं, उष्णता कमी करायची म्हणून ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला, तर माथा १२.७, डायोडनंतर ११.३. तोच १००० चा कंडेन्सर ठेवलात तर दरी (दोन उंचवट्यांमधला सगळ्यात खालचा व्होल्टेज) सहा-साडेसहापर्यंत उतरते, रेग्युलेटरला पुरत नाही, आणि आउटपुटवर १०० हर्ट्झची घरघर येते. अँप्लिफायर जोडला तर ती कानाने ऐकू येईल. कंडेन्सर २२०० चा केला की दरी नऊ व्होल्टच्या वर राहते, घरघर गेली, आणि उष्णताही अडीच वॉटवर आली. हा जो व्होल्टेज, करंट, कंडेन्सर आणि उष्णता यांचा चौघांचा संसार आहे, तोच मोबाइल चार्जरपासून सर्व्हरपर्यंत सगळीकडे आहे. एकदा हाताने करून, मीटर लावून, हीट सिंकला बोट लावून बघितलात की जन्मात विसरणार नाही.

कंडेन्सर ३५ व्होल्टचा घ्या, २५ चा नको. लोड, म्हणजे वीज ओढणारी वस्तू, नसताना छोटे ट्रान्सफॉर्मर छापलेल्यापेक्षा बरेच जास्त व्होल्ट देतात, शिवाय आपल्याकडे रात्री लाइनचा दाबही वर जातो.

यानंतर ५५५ हा टायमर. हान्स कॅमेंझिंड यांनी डिझाइन केलेला हा आयसी १९७२ पासून बाजारात आहे आणि अजून मिळतो. वरचा रेझिस्टर १ किलोओहम, खालचा ६८ किलोओहम, कंडेन्सर १० मायक्रोफॅरड घ्या. वरचा अधिक दुप्पट खालचा, याला कंडेन्सरने गुणायचं आणि १.४४ ला त्या गुणाकाराने भागायचं, या सूत्राने सेकंदाला जवळपास एक ठोका येतो. आता नुसता एलईडी बघत बसू नका. कंडेन्सरवर मीटर लावा, काट्याचं असेल तर फारच उत्तम. काटा सप्लायच्या एक तृतीयांशापासून दोन तृतीयांशापर्यंत चढतो आणि उतरतो. टायमरचं सगळं रहस्य त्या दोन रेषांत आहे. आणि आणखी एक खोड लक्षात येईल: हा आयसी पलटी खाताना क्षणभर सप्लायमधून करंटचा जोरदार घोट घेतो. त्याच बोर्डावर दुसरा मोजणी करणारा आयसी असेल तर तो कधी कधी भलतेच आकडे मोजतो. उपाय म्हणजे प्रत्येक आयसीच्या पायाशी, अगदी लगटून, १०४ लिहिलेला सिरॅमिक कंडेन्सर. १०४ म्हणजे १० वर चार शून्यं इतके पिकोफॅरड, ०.१ मायक्रोफॅरड. हे कंडेन्सर शंभराच्या पुडीत घ्या आणि कंजुषी करू नका. बघा, टायमर शिकायला गेलो आणि पुन्हा सप्लायवरच आलो.

आजच्या काळातलं उदाहरण हवं असेल तर ईएसपी३२ घ्या. वायफाय असलेला हा बोर्ड सध्या सगळ्यांचा लाडका आहे, आणि कारण आहे त्याला. पण वायफायचा रेडिओ बोलायला लागला की तो काही शे मिलिअँपिअरचा झटका मारतो. यूएसबी केबल हलकी असेल तर तिच्या जाण्यायेण्याच्या तारांचा मिळून अर्धा ओहम सहज भरतो, अर्ध्या अँपिअरला पाव व्होल्ट तिथेच गेला. त्यात चार्जर रडका, ब्रेडबोर्डाचे (सोल्डर न करता भाग खोचायच्या फळीचे) खाचे सैल. बोर्ड रीसेट होतो आणि स्क्रीनवर ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’ असं स्वच्छ लिहून येतं. चिप बिचारी ओरडून सांगते आहे की मला उपाशी ठेवलंय, आणि पोरं रात्रभर कोडमधल्या ओळी बदलत बसतात! केबल बदला, ३.३ व्होल्टच्या पायाशी १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टाका, बहुतेक वेळा तिथेच संपतं. आणखी एक, ईएसपी३२ चे पाय ३.३ व्होल्टचे आहेत, अर्डुइनो ऊनोचे ५ चे. दोघांना थेट एकमेकांना जोडू नका.

हत्यारांविषयी फार लिहीत नाही, कारण नवीन माणूस हत्यारं घेण्यातच पहिलं वर्ष घालवतो. २५ वॉटचं साधं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० चं आत फ्लक्स असलेलं बारीक सोल्डर, कटर, चिमटा. सोल्डर टोकावर वितळवून जोडावर ठिबकवायचं नसतं. आधी पाय आणि पॅड दोन्ही तापवायचे, मग तार जोडाला लावायची, ती आपोआप धावते. जोड चकचकीत आणि उतरत्या कडांचा दिसला पाहिजे. गोळी बसल्यासारखा दिसला तर तो ड्राय सोल्डर, आज चालेल आणि पावसाळ्यात बंद पडेल. मीटर म्हणून तो सगळीकडे मिळणारा पिवळा डीटी-८३० सुरुवातीला पुरतो, मात्र २३० व्होल्टच्या कामाला तो वापरू नका. त्याच्या वायरी आणि आतलं संरक्षण दोन्हींवर माझा विश्वास नाही. मेन्ससाठी बरा मीटर घ्यावा. नाशिक रोडला कारखाना असलेल्या मोटवानेचे काट्याचे मीटर जुन्या वर्कशॉपांत अजून चालतात. तसा एखादा विकाऊ दिसला तर सोडू नका, काटा जे दाखवतो ते आकडे दाखवत नाहीत. कंडेन्सर भरताना काटा झेप घेऊन सावकाश परत येतो, ती झेपच सांगते कंडेन्सर जिवंत आहे की नाही.

मीटरचा खरा उपयोग लोड चालू असताना. नुसत्या बॅटरीवर १२.७ व्होल्ट दिसले म्हणून ती चांगली असं होत नाही. २००५ नंतरच्या त्या भारनियमनाच्या वर्षांत माझ्या टेबलावर यूपीएस आणि इन्व्हर्टरचा डोंगर असायचा, आणि गिऱ्हाईक छातीठोकपणे सांगायचं, ‘बॅटरी ओके आहे, कालच चेक केली.’ गाडीचा हेडलाइटचा बल्ब लावला की दोन मिनिटांत १२.७ चे ९ व्हायचे. तसंच स्विचचं, तसंच कनेक्टरचं. दोन टोकांवर मीटर लावा, करंट वाहू द्या, आणि त्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट हरवतात ते बघा. जिथे काहीच हरवायला नको तिथे अर्धा व्होल्ट हरवत असेल तर चोर सापडला.

आपल्याकडचे दुरुस्तीवाले एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, ती म्हणजे सिरीज बल्ब. १०० वॉटचा तारेचा बल्ब मेन्सच्या फेज वायरमध्ये ओळीने टाकायचा आणि त्यातून संशयित वस्तूला सप्लाय द्यायचा. वस्तू शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सगळा राग तोच पिऊन टाकतो, फ्यूजही जात नाही. वस्तू ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकून मंद होतो. एलईडी बल्ब याला चालत नाही, तारेचाच लागतो. ते बल्ब आता दुर्मिळ होत चाललेत, म्हणून मी थोडे साठवून ठेवलेत, बायको हसते. नव्या महागड्या पीसी सप्लायमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असतं, ते सिरीज बल्बवर गोंधळतं आणि चालू-बंद करत बसतं. त्याला बिघाड समजू नका.

हे वाचून लगेच सप्लायचं झाकण उघडाल, म्हणून आत्ताच सांगतो. स्विचिंग सप्लायमध्ये (पीसीचा सप्लाय तसाच असतो) २३० व्होल्ट थेट डीसी केले जातात, मोठ्या कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथे राहू शकतात. पहिलं वर्षभर तो डबा उघडायचा नाही. मायक्रोवेव्ह ओव्हन तर कधीच नाही, ते माणूस मारणारं यंत्र आहे.

आता कॉम्प्युटर. आजचा डेस्कटॉप जोडणं हे पूर्वीच्या मानाने सोपं आहे. १९९० च्या दशकात साउंड कार्ड टाकायचं तर जंपर हलवून आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची लाइन) ५ की ७ ठरवायला लागायचं, प्रिंटर पोर्टशी भांडण झालं की पुन्हा पेटी उघडा. आता चुकीच्या जागी चुकीची गोष्ट बसतच नाही, बहुतेक. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण जुळवा, जोर लावू नका. बोर्डाखाली पितळी स्टँडऑफ बरोबर तेवढेच ठेवा, एखादा जास्तीचा राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला शॉर्ट करतो. २४ पिनी कनेक्टर सगळे लावतात आणि प्रोसेसरजवळचा ८ पिनी विसरतात, मग पंखा फिरतो पण चित्र येत नाही. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही. हसू नका, अशा तक्रारीवर मी लोकांच्या घरी गेलोय.

बंद पडलेला पीसी समोर आला की सगळं काढा. बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम, सप्लाय आणि छोटा स्पीकर एवढंच ठेवा. रॅमही काढून चालू केलं तर बोर्डाने बीप देऊन तक्रार केली पाहिजे. तक्रार आली म्हणजे सप्लाय, बोर्ड आणि प्रोसेसर बऱ्यापैकी शुद्धीवर आहेत. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये (बोर्डावरच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅममध्ये) एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्सची अडचण. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, बोर्डाच्या पुस्तकात असते. काहीच आवाज नाही, पंखाही नाही, तर सप्लाय वेगळा करा. २४ पिनी कनेक्टरमधली हिरवी तार कुठल्याही काळ्या तारेला जोडली की एटीएक्स (म्हणजे आजच्या पीसीचा) सप्लाय चालू होतो. त्याआधीच, नुसता प्लग लावल्यावर, जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट यायला हवेत. ते नसतील तर पुढचं सगळं बोलणं व्यर्थ. चालू झाल्यावर पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३, प्रत्येक पाच टक्क्यांच्या आत. म्हणजे पिवळीवर ११.४ च्या खाली काही दिसलं तर तो सप्लाय मला नको. आणि हे सगळं एखादी जुनी हार्ड डिस्क लोड म्हणून लावून मोजा. मोकळा सप्लाय खोटं बोलतो.

रॅम खोडरबराने घासायची ती आपली राष्ट्रीय पद्धत. चालते का? चालते, कारण संपर्कावरचा काळपट थर निघतो आणि रॅम काढून पुन्हा घट्ट बसते. किंबहुना अर्धं काम त्या काढण्या-बसवण्यानेच होतं. पण रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो आणि सोन्याचा मुळात पातळ असलेला मुलामा दर वेळी झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड वापरा. कोकण-गोव्यात हे काम वर्षातून एकदा लागतंच, खाऱ्या दमट हवेने तांब्यावर हिरवं चढतं. मिरजेत तुमचा शत्रू धूळ आणि पाली. पाल उबेला सप्लायमध्ये शिरते आणि तिच्यासकट सप्लाय जातो. सप्लायच्या मागच्या जाळीपाशी जागा मोकळी ठेवा, पण पेटीची रिकामी स्लॉटची पट्टी उघडी ठेवू नका.

२००० च्या पुढची काही वर्षं कंडेन्सरांची साथच आली होती. निकृष्ट इलेक्ट्रोलाइटमुळे जगभरातल्या मदरबोर्डांवरचे कंडेन्सर फुगत होते, डोक्यावरची क्रॉसची खाच वर येऊन तपकिरी चिकट बाहेर यायचं. त्या काळातला बोर्ड हाती लागला तर सोडू नका, शिकायला त्याच्यासारखं काही नाही. प्रोसेसरभोवतीचे फुगलेले कंडेन्सर काढायचे आणि तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे, १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे (आतला विरोध कमी असलेले) टाकायचे. साधे टाकलेत तर बोर्ड चालू होईल आणि महिन्यात पुन्हा रडेल. मदरबोर्डाचं तांबं जाड असल्याने २५ वॉटच्या आयर्नला तिथे घाम फुटतो, तिथे मोठं लागतं. लॅपटॉपच्या बीजीए (पोटाखाली सोल्डरच्या गोळ्यांनी जोडलेल्या) चिपा तापवून ‘जिवंत’ करण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. ते बहुधा काही आठवड्यांचं उसनं आयुष्य असतं.

सामान कुठे मिळेल? मिरज-सांगलीत टीव्ही-मिक्सरवाल्यांना लागणारं सगळं मिळतं आणि सुरुवातीला तेवढंच लागतं. पुण्याला आलात तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात चक्कर मारा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत. दुकानात गर्दीच्या वेळी जाऊन ‘हा आयसी कशाचा असतो हो?’ असं विचारू नका. यादी नेमकी लिहून न्या, नंबर, व्होल्टेज, नग. असं गिऱ्हाईक त्यांना आवडतं आणि मग ते आपणहून ‘याच्या जागी हा चालेल’ असंही सांगतात. ऑनलाइन फारच स्वस्त मिळणारे आयसी कधी कधी पुसून नवा नंबर छापलेले निघतात. पॉवर ट्रान्झिस्टर तर खास जपून. खरा २एन३०५५ हाताला जड लागतो.

तीन महिन्यांनी अर्डुइनो घ्याल तेव्हा त्याच्या जोडीला एक जुनी गोष्ट करून बघा, अशी माझी आग्रहाची विनंती. एखाद्या पॉलिटेक्निकच्या भंगारात ८०८५ चं ट्रेनर किट मिळतं का पाहा. १९७६ चा हा प्रोसेसर आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळांत पुढची कित्येक वर्षं टिकून होता. हेक्सच्या (सोळाच्या पद्धतीतल्या अंकांच्या) बटणांनी ३ई ०५ सी६ ०३ ३२ ०० २१ ७६ असे आठ बाइट टाका. पाच घे, तीन मिळव, उत्तर २१०० या पत्त्यावर ठेव आणि थांब, एवढाच त्याचा अर्थ. चालवून २१०० उघडलंत की ०८ दिसतो. प्रोसेसर पुढचा बाइट उचलतो म्हणजे काय करतो, पत्त्याच्या तारा, डेटाच्या तारा, वाचण्याचा इशारा, हे सगळं तिथे प्रोब लावून बघता येतं. अर्डुइनोच्या आतही तेच चाललेलं असतं, फक्त तारा बाहेर येत नाहीत. झेड-८० या प्रोसेसरवरही हे उत्तम करता आलं असतं. पण १९७६ पासून बनणारा तो स्वतंत्र प्रोसेसर झायलॉग कंपनीने २०२४ मध्ये बंद केला, शेवटच्या ऑर्डरी घेऊन. जुना साठा अजून फिरतोय. ६५०२ या जुन्या प्रोसेसरची सीमॉस (कमी वीज खाणारी) आवृत्ती मात्र अजून नवी मिळते, आणि ब्रेडबोर्डावर तिचा कॉम्प्युटर बांधणारे बरेच लोक आहेत.

रेडिओचं राहिलं. तुमच्या त्या घरच्या रेडिओत पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या टोपीचे चौकोनी डबे होते, आठवत असतील. ते आयएफटी, म्हणजे इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी ट्रान्सफॉर्मर, ४५५ किलोहर्ट्झला जुळवलेले. त्यांचे स्क्रू फिरवून घरचा रेडिओ मुका केला नाही असा शौकीन विरळा. आता तसा सेट मिळाला तर स्क्रूंना हात न लावता आधी गँगमधली (स्टेशन बदलणाऱ्या कंडेन्सरमधली) धूळ काढा, व्हॉल्यूम कंट्रोल साफ करा, सगळे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर बदला, आणि सप्लाय मोजा. मीडियम वेव्हवर खरखर फार आली तर घरातले एलईडी बल्ब आणि चार्जर एकेक करून बंद करत जा, कुठला बंद केल्यावर गप्प होतं ते बघा.

शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलेल्या त्या माळ्यावरच्या ३८६ विषयी. प्लग लावू नका. आधी पेटी उघडून बोर्डावर निळी किंवा हिरवी, नळीसारखी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी आहे का बघा. इतक्या वर्षांत ती नक्की गळलेली असेल. ती कापून काढा, आजूबाजूचं हिरवं-पांढरं पातळ व्हिनेगरने पुसा, कारण ते अल्कली असतं, मग अल्कोहोलने धुऊन दोन दिवस वाळवा. तिथल्या बारीक पट्ट्या तुटल्यात का ते भिंगाने पाहा, कीबोर्डाच्या सॉकेटजवळचं तांबं सगळ्यात आधी खाल्लं जातं. दर्शनी भागातल्या पॉवर स्विचला येणाऱ्या चार वायरींत थेट २३० व्होल्ट असतात, आजच्यासारखं पाच व्होल्टचं बटण नाही ते, तेव्हा त्यावरचे रबरी टोप शाबूत आहेत ना बघा. सप्लायचे पी८ आणि पी९ हे दोन कनेक्टर शेजारी शेजारी बसतात, दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध एकत्र आल्या पाहिजेत. उलट बसवलेत तर बोर्ड गेला. प्लग न लावताच ५ आणि १२ व्होल्टच्या पिनांपासून काळ्या तारेपर्यंत ओहम मोजा. शून्याच्या आसपास दिसलं तर बहुतेक एखादा पिवळा थेंबासारखा टँटलम कंडेन्सर शॉर्ट झालाय, तो शोधून काढा. मग सिरीज बल्बवर चालू करा. बॅटरी नसल्याने तो हार्ड डिस्क विसरलेला असणार. सेटअपमध्ये सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे आकडे हाताने भरावे लागतील, आणि ते बहुधा डिस्कच्या लेबलवर छापलेले असतात. डिस्क फिरली तर काही शोधाशोध करण्याआधी तिच्यातलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या.